संजनाचं हिमोग्लोबिन आणि मी

२ नोव्हेंबर, रविवार

ऑपरेशन ठरलं. २७ तारीख. संजनाची गर्भपिशवी काढायची. तबस्सुम मॅडम, म्हणजे आमच्या डॉक्टर, म्हणाल्या, गाठी वाढल्यात, रक्त फार जातंय. पण हिमोग्लोबिन सात पॉइंट आठ. दहापर्यंत आणा, नाहीतर मी टेबलावर घेणार नाही. मग म्हणाल्या, इतके दिवस काय करत होतात? हे माझ्याकडे बघून. मी पंख्याकडे बघितलं.

दोन वर्षांपूर्वी संजना पहिल्यांदा बोलली, तेव्हा मी 'या वयात होतं असं' म्हणालो होतो. पण ते काही वैद्यकीय मत नव्हतं. धीर दिला होता.

असो. आजपासून सगळं माझ्याकडे. अंबडच्या कंपनीत एकवीस वर्षं सेफ्टी ऑफिसर आहे. सगळ्या प्लांटचे धोके मोजतो, घरातला एक मोजता येणार नाही?

३ नोव्हेंबर, सोमवार

तक्ता तयार. धोका, शक्यता, गांभीर्य, उपाय. एकूण सतरा धोके. फ्रिजवर लावला. संजना शाळेत निघता निघता वाचत उभी राहिली. म्हणाली, मृत्यूला लाल रंग कशाला दिलाय? मी म्हणालो, तशी पद्धत असते. तिचा चेहरा बघून पिवळा केला.

उपाय क्र. १ : लोहाची गोळी रोज सकाळी माझ्या हातून. सोबत माझ्या हातचा आल्याचा चहा. बावीस वर्षं तिनेच केला, आता तिला अंथरुणात! मी कंपनीतच पितो, त्यामुळे एकच कप. स्टूल ओढून ती पिईपर्यंत समोर बसलो. कपाकडे जरा बघत राहिली, मग सगळा प्याली. छान झालाय म्हणाली. डोळ्यांत पाणी आलं तिच्या. आलं जास्त झालं असणार.

६ नोव्हेंबर, गुरुवार

शाळेत तिला चक्कर आली. वर्षभर खुर्चीत बसूनच शिकवते म्हणे. मला माहीत नव्हतं. सांगायला नको?

रात्री : सांगितलं होतं. मी मोबाइलवर सेफ्टी वीकच्या घोषणा लिहीत होतो. 'हो का' म्हणालो होतो.

उद्यापासून घरात मोबाइल बंद.

७ नोव्हेंबर

मोबाइल चालू. प्लांटमधून फोन येतात, इलाज नाही. गोळी झाली, चहा झाला.

११ नोव्हेंबर, मंगळवार

सासूबाई आल्या सायखेड्याहून. नवसाबाईंचं तोंड म्हणजे तोंड. खजूर, गूळ, बीट, सगळं दारातच ओतलं. म्हणाल्या, जावईबापू, लय उशीर केला तुम्ही. दोन वर्सं पोरगी सांगत व्हती. आन् आता कागद चिकटवता व्हय फ्रिजला?

तक्त्यात अठरावा धोका टाकला : नातेवाईक. शक्यता जास्त, गांभीर्य जास्त.

त्या संध्याकाळच्या बसने गेल्या. धोका टळला. पण जेवण गेलं नाही. म्हातारी खोटं काय बोलली?

१६ नोव्हेंबर, रविवार

संजनाने विचारलं, पिशवी काढलीच नाही तर? मी दोन्ही बाजू तक्त्यात मांडून दाखवल्या. काढली तर सहा धोके, ठेवली तर नऊ. म्हणजे काढण्याच्या बाजूने निकाल. ती म्हणाली, मी निकाल विचारत नव्हते. भीती वाटते. तुम्हाला वाटते का? मी म्हणालो, छे.

वाटते. खूप वाटते. तक्त्यात त्याला रकाना नाही.

१९ नोव्हेंबर

नवीन कामगारांपुढे भाषण. 'मागची-पुढची सूचना वाचल्याशिवाय कशालाही हात लावू नका.' टाळ्या. गोळी-चहा सतरावा दिवस. एकही खाडा नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार

रिपोर्ट. आठ पॉइंट एक.

२७ रद्द. आता सलाइनमधून लोह द्यायचं, मग नवी तारीख. तोवर आणखी रक्त जाणार. मॅडमनी विचारलं, गोळी कशाबरोबर घेता? मी छाती फुगवून सांगितलं, चहाबरोबर, मी स्वतः देतो. मॅडमनी पेन खाली ठेवलं. फाइल मागितली. मीच प्लास्टिकच्या कव्हरात घातलेला कागद त्यांनी बाहेर काढून उलटा केला. मागे त्यांच्याच अक्षरात : 'गोळी लिंबूपाण्याबरोबर. चहाने लोह अंगी लागत नाही. आधी-नंतर दोन तास चहा बंद.' खाली दोन रेघा.

संजना पटकन म्हणाली, मॅडम, ह्यांची चूक नाही, तुम्ही मला तोंडी सांगितलं होतं. मीच विसरले.

रिक्षात मी तो कागद पुन्हा उलटून वाचला. ती काही विसरत नाही. तिला दहावीच्या सत्तर मुलांचे हजेरी क्रमांक पाठ आहेत.

२५ नोव्हेंबर, मंगळवार, सकाळ

विचारलंच. माहीत होतं तर पीत का राहिलीस?

म्हणाली, दोन वर्षं मी बोलायचे तेव्हा तुम्ही दुसरीकडे बघत होतात. त्या दिवशी पहिल्यांदा स्टूल घेऊन समोर बसलात. चहा नको म्हटलं असतं तर उठून तक्त्याकडे गेला असतात. वाटलं, गोळीचा थोडा तरी गुण येईलच. चुकलंच माझं.

तिचं चुकलं म्हणे!

एकोणिसावा धोका लिहिला : नवरा. उपायाचा रकाना भरता येईना. तक्ता काढून ठेवला. लिंबूपाणी केलं, गोळी दिली, स्टूल ओढून बसलो. फोन आला, घेतला नाही.

दोन तासांनी तिने उठून चहा केला. दोन कप. बावीस दिवसांत घरचा चहा मी पहिल्यांदाच प्यायलो. गोड लागला. तेव्हा कुठे विचारलं, मी करायचो तो कसा व्हायचा गं?

म्हणाली, साखरेचा डबा वरच्या फळीवर असतो.