मफी की माफी

बाबा, परवा लेकीने मला बळेच अदलिया भागात नेलं. तिथे एका कॅफेच्या वरच्या खोलीत खुर्च्या मांडून परदेशी सिनेमे दाखवतात. हा आइसलंडचा होता. कामावरून काढून टाकलेला एक दारुडा आणि इस्पितळातून घरी परतलेली एक बाई, दोघांशीही गावात कुणी बोलत नाही. तो रोज तिच्या दारात मासा घेऊन येतो, ती उकडते, दोघं समोरासमोर बसून मुकाट जेवतात. तिचा मुलगा ज्या होडीवर बुडाला ती हाच चालवत होता, असं मध्येच वाटायला लागतं. मग वाटतं, छे, नसेल. शेवटी तो दारात उभा राहून तिला एकच शब्द सांगतो, आणि नेमका त्या वेळी वारा इतका घोंघावतो की ऐकू येत नाही. खाली सबटायटलही नाही. दिवे लागले तरी मी खुर्चीतून उठेना. लेक म्हणाली, "Aai, it's just a movie." तिला काय सांगणार? मला मनामा शहरातली ती खोली दिसत होती.

तुमचा एक गाववाला सुट्टीवर गेला आणि त्याने आपली खोली तुम्हाला वापरायला दिली, त्या उन्हाळ्यात आई आणि मी गावाहून इथे आखातात आलो होतो. शुक्रवारी तुम्ही स्वतः भात टाकता, सुकटीचं कालवण करता, आईला चुलीजवळ येऊ देत नाही. मग चाचा येतात. सियालकोटचे, उंच, आणि डाव्या हाताची बोटं अर्ध्यातच संपलेली. सित्राला एका यार्डात तुम्ही क्रेनवर होतात आणि चाचा खाली साखळ्या अडकवायला. त्या दिवशी लोखंड आधी खाली आलं की चाचांनी हात उशिरा काढला, हे कुणालाच धड माहीत नव्हतं. पण तेव्हापासून आपली कोकणातली माणसं जिन्यात दिसली तरी तुम्हाला ओळख देत नसत, आणि चाचांच्या तापट डोक्यामुळे त्यांच्याजवळही कुणी बसत नसे. राहता राहिलात तुम्ही दोघं, आणि मध्ये ते भाताचं पातेलं.

जेवण झालं की चाचा विचारायचे, "और है?" तुम्ही पातेलं तिरकं करून दाखवायचात आणि म्हणायचात, "मफी." पण बघायचात त्यांच्या हाताकडे. एकदा तळाशी भात होता, मी पाहिला होता, तरी तुम्ही तेच म्हणालात. आई जेवायची होती म्हणूनही असेल. मला अरबी कुठून येणार? मी सरळ विचारलं, "बाबा, तुम्ही चाचांची दर वेळी माफी कशाला मागता?" आईचा हात थांबला. तुम्ही माझ्यावर असे खेकसलात, "जेवताना तोंड चालवायचं ते घास चावायला!" चाचा खाली मान घालून पाणी प्यायले. पुढे इथे नोकरीला आल्यावर कळलं, मफी म्हणजे नाही, संपलं. मी फोनवर आईला सांगितलं, तर ती हसत सुटली. "तुझे बाबा आणि माफी! माझ्याकडे तरी जन्मात मागितली का?" मीही हसले. पण बाबा, 'संपलं' एवढंच सांगायचं होतं, तर माझ्यावर ओरडलात कशाला?

इतकी वर्षं चाचांना ईदला भेटायला जात होते, पण हे विचारायचं धाडस झालं नाही. आता ते व्हिसा कॅन्सल करून कायमचे निघाले आहेत. ते गेले की विचारायला कुणी उरत नाही. म्हणून सिनेमाच्या दुसऱ्या दिवशी ऑफिसला दांडी मारून सित्राला गेले. चहाच्या टपरीबाहेर चाचा बसले होते. खूप थकलेत. मी इकडचं तिकडचं बोलले आणि मग एकदम विचारून टाकलं, "चाचा, उस दिन... गलती बाबा की थी क्या?"

त्यांनी डावा हात टेबलावर ठेवला, उलटा केला, सुलटा केला. रस्त्यावरून कंपनीची बस धडधडत गेली. मग माझ्या डोक्यावर तोच हात ठेवून म्हणाले, "मफी, बेटी." की माफी? त्यांच्या तोंडात दोन्ही सारखंच वाजतं. गलती नव्हतीच, असं म्हणाले, की होती आणि केव्हाच माफ केली? त्यांचे डोळे भरले होते, पण ते हल्ली चहा पितानाही भरतात.

जनाबियाला घरी आले तर लेकीने विचारलं, "So? What did he say?" मी म्हटलं, "कळलं नाही गं." तिने मान हलवली आणि आत गेली. हे लिहायला बसले ते तुम्हाला विचारायला, पण विचारून काय उपयोग, आणि हा कागद पाठवणार तरी कुठे!

एक सांगते, बाबा. चाचांचा चहा अजून अर्धा होता. मला पुन्हा विचारता आलं असतं. सित्राला जाताना वाटेभर घोकत होते, बाबांची चूक नसू दे, नसू दे. आणि त्यांचा हात डोक्यावर आला तेव्हा वाटलं, असू दे. चूक असू दे, पण जन्मात कुणापुढे न वाकलेल्या माझ्या बाबांनी दर शुक्रवारी त्या पातेल्याआडून माफीच मागितलेली असू दे.