मंगळवारची रिकामी गल्ली

४ जून

ती. मावशीस,
भिंगरीचा शि. सा. न. वि. वि.

टीव्ही नीट पोचला ना? तू त्याला एव्हाना झालरीचं आच्छादन शिवलं असशील, पैजेवर सांगते. ते बाजूला कर, कारण येत्या मंगळवारी संध्याकाळी माझी मालिका सुरू होतेय.

माझी म्हणजे संवाद माझे, आणि खरं सांगायचं तर कथाही तुझीमाझीच. काळ जुना, घोडागाड्यांचा नि कंदिलांचा. टेकडीवर बंगला. तिथे शिवणकामाला जाणारी मुलगी आणि घरातले धाकटे मालक. ओळख पटली? दोघांचं जमतं, घरच्यांना कळतं, चोरीचा आळ घालून तिला हाकलतात आणि तो शेंबडा गप्प उभा राहतो. तुझ्यावर रेशमी कापडाचा आळ होता, पण दिग्दर्शक म्हणाले की कापडासाठी प्रेक्षक रडत नाहीत. म्हणून हिऱ्यांचा हार केला. पुढे ती श्रीमंत होऊन, नाव बदलून परत येते आणि एकेकाला धडा शिकवते. शेवटी बंगला पेटवायचा. सध्या तो प्लायवूडचा आहे. दार आपटलं की भिंत हलते, त्यामुळे आमच्याकडे रागाने निघून जाणारेही दार हळूच लावून घेतात.

आईने जाण्याआधी मला सगळं सांगितलं होतं. तू जन्मात चकार शब्द काढला नाहीस, म्हणून मी काढते आहे.

उत्तर धाड, नाहीतर मालिकेत तुझ्या नावाची एक कजाग सासू घालीन. लोभ आहे तेवढा पुरे, थोडं कौतुकही येऊ दे.

तुझी,
भिंगरी

२६ जून

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

टीव्ही पोचला. झालर लावली आहे, बोलू नकोस. मंगळवारी माझी खोली नुसती भरून जाते. समोरच्या मास्तरीणबाई तर अगदी पुढे खुर्ची टाकून हुंदके देतात. तुझ्या नटीला सांग, सुई अशी काटा काढल्यासारखी धरत नाहीत. बाकी मुलगी गोड आहे. मी अशी कधीच दिसत नव्हते.

आता कामाचं. त्या नायकाला प्रत्येक वाक्याआधी खाकरायला का लावलंस? आणि मान एका बाजूला कलती? लहानपणी तू त्यांना पाहिलंयस, त्यातून तुझी नक्कल अचूक. इथे तसं खाकरणारा एकच माणूस आहे. दुसऱ्याच आठवड्यात सगळ्यांच्या ध्यानात आलं. वाण्याने त्यांना भर दुकानात विचारलं म्हणे, मालक, हार कुठे दडवलात. पोरं मागून खाकरत चालतात. बंगल्याच्या फाटकावर कुणीतरी खडूने भेकड असं लिहून ठेवलं. अगं, ते आता म्हातारे झालेत. बायको केव्हाच गेली, मुलं परदेशी, घरात एक स्वयंपाकी तेवढा आहे.

आणि मी भाजीला गेले की बाया बाजूला होऊन वाट देतात. कशाला? मला नको आहे ते. तुझ्या पोटावर पाय आणायचा नाही, पण जमलं तर ही मालिका लवकर आटप बाई.

जेवणाची हेळसांड करू नकोस. माया आहेच, ती मागावी लागत नाही.

तुझी,
मावशी

५ जुलै

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तुला त्या माणसाचा कळवळा? अगं, त्याच खाकरण्यावर तर लोक दातओठ खातात. निर्माते इतके खूश आहेत की काल त्यांनी स्वतः मला चहा आणून दिला.

चार दिवस चालू दे की त्याला मान खाली घालून! तू किती वर्षं चाललीस? ऐन उमेदीत चोर ठरलीस, लग्नाचं कुणी नाव काढलं नाही, मशीनवर पाठ मोडून मला वाढवलंस. त्याने एक शब्द बोलायचा होता. एकच. तो त्याच्याच्याने झाला नाही, तर आता दर मंगळवारी मी बोलते. बंगला पेटणार म्हणजे पेटणार, पडद्यावर मुलीने तशी शपथच घेतली आहे.

रागावू नकोस. रागावलीस तरी पत्र लिही.

तुझी,
भिंगरी

१४ जुलै

चि. भिंगरीस आशीर्वाद.

आधी रडले, मग चिडले, मग मशीन काढून बसले. आता लिहिते.

आईने तुला अर्धंच सांगितलं, कारण तिला अर्धंच माहीत होतं. ते गप्प बसले हे खरं. पुढे ते कापड थोरल्या बाईसाहेबांच्या, म्हणजे त्यांच्या आईच्याच पेटीत सापडलं, तेव्हाही गप्प बसले, हेही खरं. पण बायको गेल्यानंतर एक दिवस ते माझ्या दाराशी आले, बाही उसवलेला सदरा घेऊन. मी त्यांना उन्हात उभं ठेवलं आणि मनात साठलेलं सगळं तोंडावर बोलले. एका दिवसात का संपतंय ते? पुढच्या आठवड्यात ते दुसरं काहीतरी उसवून घेऊन आले, मी पुन्हा बोलले. असं कितीतरी दिवस चाललं. कधीतरी माझं बोलणं संपलं. राग संपला. ते मात्र येतच राहिले.

ओट्यावरच्या बाकावर बसायचे. मी शिवायची, ते पेपर वाचून दाखवायचे. बातमी आवडली नाही की मी मशीन जोरात चालवायची, मग ते पान उलटायचे. बस, इतकंच. भिंगरे, या वयात मला तेवढं पुरत होतं, आणि तेवढंच होतं. गल्लीला वाटायचं, जुनं गिऱ्हाईक आहे. कुणी बघत नव्हतं म्हणून निभत होतं.

आता सगळे बघतात. ते यायचे थांबले. एकदा कोपऱ्यापर्यंत आले, पोरं खाकरली, तिथूनच वळले. मी शिवता शिवता पाहिलं. मी जावं तर दारादारात बाया, मागोमाग फाटकापर्यंत येतील आणि त्यांचीच आणखी शोभा होईल.

तो राग माझा होता. तू मला न विचारता नेलास आणि गावभर वाटलास. मला माझा माणूस परत हवा आहे. तो कसा आणतेस ते तू बघ.

मावशी

१२ ऑगस्ट

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

काहीतरी करून मगच लिहायचं ठरवलं होतं, म्हणून उशीर. तुझं पत्र मी मेकअपच्या खोलीत वाचलं. बाहेर नटी संवादाच्या कागदांसाठी खोळंबली होती आणि मी आत तोंडात पदर कोंबून रडत होते. मावशी, मी गाढव आहे. तू मला लहानपणी कान धरून हे सांगायचीस, तेव्हाच ऐकायला हवं होतं.

आधी निर्मात्यांना म्हटलं, नायकाला जरा चांगला करू. ते हसलेच. लोक त्याला बुकलायला टपलेत, चांगला करून काय करायचंय, म्हणाले. मग मी सांगितलं की यापुढे मी एक ओळ लिहिणार नाही. खूप खडाजंगी झाली. माझं नशीब की नटीला सिनेमा मिळाला आहे, तीही निघायच्या घाईत. शेवटी ठरलं, महिन्याभरात गाशा गुंडाळायचा. बंगला पेटणार नाही. निर्माते आता मला पुढचं काम देतील असं दिसत नाही, पण ते माझं मी बघीन.

मालिका संपली की लोक विसरतील, आणि ते पुन्हा तुझ्याकडे येतील. येतील ना? झालं गेलं पोटात घाल.

तुझी,
भिंगरी

१३ ऑगस्ट

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

तुझं उत्तर अजून आलं नाही. मी फार टाकून बोलले का? पण आता ऐक, कारण इथे भलतंच झालंय.

मागच्या मंगळवारी मालिका लागली, खोलीत हीऽ गर्दी. मला बघवेना. डोकं दुखतंय, वाऱ्यावर बसते म्हणून सांगितलं, तर कुणी मानसुद्धा वळवली नाही. दारात आले आणि बघते तर काय, गल्लीत चिटपाखरू नाही. वाण्याच्या दुकानात वाणी नाही. घराघरातून तुझेच संवाद ऐकू येत होते. मी चपला घातल्या आणि चालू लागले. सगळं गाव माझ्याच खोलीत नि आपापल्या खोलीत बसून माझ्यासाठी रडत होतं, आणि मी त्यांच्या खिडक्यांखालून चालले होते! भीतीही वाटत होती आणि हसूही येत होतं.

बंगल्यात मागच्या दाराने गेले. तेही टीव्हीसमोरच, आवाज बंद करून. म्हणाले, त्यांना फक्त ती मुलगी बघायची असते. मला पाहून दचकले आणि विचारतात काय, तर काड्यापेटी आणली आहे का. मी इतकी हसले की खाली बसावं लागलं. वाळलेत फार. पेपर होता, तो त्यांनी वाचून दाखवला. टीव्ही चालूच ठेवला, कारण शेवटचं गाणं लागलं की मला उठायचं होतं. काल पुन्हा गेले.

तर भिंगरे, मी आधी जे लिहिलं ते विसर. मालिका संपवू नकोस. लांबव. तिचं आणखी एकदा लग्न लाव, स्मृती घालव, जुळी बहीण आण, काय हवं ते कर. मला मंगळवारचा तो अर्धा तास हवा आहे.

लोभ असू दे, आणि लेखणी चालू असू दे.

तुझी,
मावशी

२० ऑगस्ट

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

आपली पत्रं वाटेत एकमेकींना चुकवून गेली गं. आता काहीच होण्यासारखं नाही. शेवटचा भाग चित्रित झाला, बंगला मोडून लाकूड ट्रकात भरलं, माझ्या जागी बसायलाही कुणी उरलं नाही. सप्टेंबरच्या दुसऱ्या मंगळवारी संपतेय. मी तुझा माणूस दोनदा हिरावला. काय लिहू?

तुझी,
भिंगरी

१७ सप्टेंबर

चि. भिंगरीस खूप खूप आशीर्वाद.

आधी डोळे पूस. संपली तुझी मालिका. शेवटच्या मंगळवारी मी शेवटचं गाणं लागायच्या आत त्यांचा निरोप घेतला. पुढचं दोघंही बोललो नाही. घरी येऊन बायकांना चहा दिला. नटीने बंगला पेटवला नाही म्हणून सगळ्या तुझ्यावर नाराज आहेत. मास्तरीणबाईंचं म्हणणं, एवढे दिवस रडलो ते काय यासाठी.

आठवडा कसाबसा काढला. काल मंगळवार. संध्याकाळ होईना तोच सगळी गल्ली बाहेर, करायला काही नाही म्हणून ओट्यांवर बसलेली. मी मशीनवर बसले आणि दोरा ओवता येईना. मनात आलं, आज गेले नाही तर आता कधीच नाही. चांगलं लुगडं नेसले आणि निघाले. मास्तरीणबाईंनी जवळ येऊन हळूच विचारलं की सूड घ्यायला चाललात का. मी हो म्हटलं. झालं! निम्मी गल्ली माझ्यामागे.

पुढच्या फाटकाने आत गेले. त्या फाटकातून मी जन्मात आत गेले नव्हते, शिवणवाल्या बायकांची वाट मागून. स्वयंपाकी धावत आला आणि सवयीने म्हणाला की मागून या. तेवढ्यात ते बाहेर आले. पायऱ्यांवर उभे राहिले, फाटकाशी जमलेल्या सगळ्यांकडे पाहिलं, आणि मोठ्या आवाजात म्हणाले की या बाईंनी काही चोरलं नव्हतं. ते त्यांना तेव्हाही माहीत होतं, कापड त्यांच्या आईच्याच पेटीत निघालं, आणि ते भीतीने गप्प बसले. यापुढे या पुढच्या दाराने येतील, असंही स्वयंपाक्याला सांगितलं. एकही शब्द गाळला नाही.

मला वाटलं होतं की राग गेला तेव्हाच सगळं गेलं. तसं नव्हतं गं. मी तिथेच, सगळ्यांसमोर, धाय मोकलून रडले. फाटकाशी कुणी खाकरलं नाही. थोड्या वेळाने लोक एकेक करून निघून गेले. मास्तरीणबाई शेवटपर्यंत थांबल्या होत्या. त्यांना मी आत बसवून सांगितलं, तुम्ही निघा, मला वेळ लागेल, माझं दूध तेवढं घेऊन ठेवा. काही न विचारता गेल्या.

काम नसेल तर चार दिवस इकडे ये. लोभ आहेच, तो कमी होत नाही, कितीही वेडेपणा केलास तरी. आता पत्र आवरते. दुपारी जायचं आहे, आजचा पेपर त्यांनी अजून उघडलेला नसेल.

तुझी,
मावशी