डोक्यावरचा हात

आबा, काल इस्लामपुरात मुलींच्या एका संस्थेच्या दारावर मी काढलेला नवा लोगो लागला. जुन्या लोगोत मान खाली घातलेली मुलगी होती आणि तिच्या डोक्यावर एक मोठा हात. सांगलीत माझं हेच काम चालतं, म्हणून तो बदलायला मला बोलावलं होतं. मी आधी मुलींनाच समोर बसवून विचारलं, यात काय दिसतं? कबड्डी खेळणारी एक धिप्पाड पोरगी म्हणाली, "ताई, ह्यो हात मारायला उचललाय न्हवं?" सगळ्या हसल्या. 

मला आपलं साताऱ्याचं स्वयंपाकघर आठवलं. तुम्ही पलटणीतून निवृत्त होऊन कारखान्याच्या गेटवर नोकरीला होता. ड्यूटीवरून आलाय, आमटी खारट झालीय. ताट भिंतीवर आदळतं. तुम्ही आईचा हात धरून ओट्याच्या कडेवर आपटता, परत आपटता, आणि वाळकं लाकूड मोडावं तसा मनगटाचा आवाज येतो. मी दारात रडतेय. तुम्ही वळून अगदी शांतपणे म्हणता, "फौजीची पोरगी हाईस तू. रडायचं न्हाई." मग तुम्हीच रिक्षा आणलीत, आईला हळूच धरून बसवलंत, डॉक्टरांना सांगितलंत, "घसरून पडली." येताना माझ्यासाठी रंगपेटी घेतलीत. त्याच रंगांनी मी चित्रं काढायला शिकले. याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

मुलींशी बोलणं चाललं होतं तेवढ्यात त्या पोरीचा भाऊ आत घुसला. "खेळाय जाती म्हणून इथं बसतीस व्हय?" म्हणत त्यानं तिची वेणी मुठीला गुंडाळली आणि तिला फरशीवरून ओढलं. लाथ तोंडावर बसली.  मग साऱ्या पोरी एकदम त्याच्यावर तुटून पडल्या. एकीनं दंडाचा चावा घेतला, दुसरीनं स्टीलचा जग त्याच्या कपाळात घातला. तो शिव्या देत पळाला. माझ्या कागदांवर रक्त सांडलं होतं, त्याचं आणि तिचं. फुटलेल्या ओठानं ती म्हणाली, "ताई, त्यो हात काढा." आणि तिथूनच भावावर तक्रार द्यायला पोलीस ठाण्यात गेली.

दुसऱ्या दिवशी संस्थेचे म्हातारे अध्यक्ष मला म्हणाले, "अहो, आशीर्वादाचा हात आहे तो." मी त्यांना तिच्याशी बोलायला सांगितलं. ते तिच्यापाशी बराच वेळ बसले, आणि उठताना एवढंच म्हणाले, "काढून टाका." नव्या चित्रातली मुलगी समोर बघते. तिच्या डोक्यावर काही नाही.

जुन्या आणि नव्या लोगोचे फोटो आईला दाखवले. मनगट वाकडंच राहिलंय, त्यामुळं तिला मोबाइल नीट धरता येत नाही. "हात काढलास व्हय? बरं केलंस," म्हणाली. तुमचं नाव तिनं घेतलं नाही, मीही घेतलं नाही.

हे तिला वाचून दाखवणार नाही, आणि तुम्हाला तर पाठवू कुठं? पण एक सांगते. तुमच्याबद्दल कुणी विचारलं की मी अजून म्हणते, आमचे आबा लय मायाळू होते. काल त्या मुलींनीही विचारलं. त्यांनाही मी तेच सांगितलं.