एकशे सत्तर व्होल्टची निवड

३ मार्च
सासऱ्यांच्या पंच्याहत्तराव्या वाढदिवसाला मी स्वतः बनवलेलं निक्सी घड्याळ देणार, असं सासरी जेवताना जाहीर केलं. काचेच्या चार जुन्या नळ्या, आत तारेचे आकडे, वीज दिली की नारिंगी पेटतात. सगळे गप्प झाले. भारावले असावेत. फक्त साडूने तारखेची आठवण करून दिली. २८ एप्रिल. म्हटलं, आठवडाभर आधीच तयार असेल.

४ मार्च, सकाळी
नळ्यांना एकशे सत्तर व्होल्ट लागतात, अडॅप्टर देतो बारा. बाराचे एकशे सत्तर करणारा मधला सप्लाय एकदा निवडला की काम फत्ते. घड्याळाचा भाग किरकोळ आहे. एखाद्या रविवारी उरकेन.

९ मार्च
साडूचा फोन. तयार सप्लाय मिळतो म्हणे, काडेपेटीएवढा, आणायचा आणि लावायचा. नीट ऐकून घेतलं. आता तो सप्लाय घेणं शक्य नाही.

१७ मार्च
सप्लाय घरीच बनवला. साडेतीनशे व्होल्ट आले. म्हणजे गरजेच्या दुप्पट. मग धूर आला.

१८ मार्च
बायकोने पडदे धुवायला टाकले. बोलली काही नाही. तिचा मूक पाठिंबा असतोच.

२६ मार्च
दुसरा सप्लाय. मुलगी म्हणते, त्यातून बारीक शिट्टी येते, अभ्यास होत नाही. मला ऐकू येत नाही, त्यामुळे येत नसणार.

२ एप्रिल
अडॅप्टर काढून सप्लायला हात लावला. आत वीज साठून राहते हे मला माहीत होतंच. कोपरापर्यंत झिणझिण्या, चहा पँटवर. सप्लाय उत्तम चालतो.

११ एप्रिल
तिसराही झाला. आता दुसऱ्या-तिसऱ्यात डावं-उजवं करणं अवघड. घाई करायची नाही.

१९ एप्रिल
बायकोने विचारलं, घड्याळ कुठवर आलं. तिच्या बाबांनी म्हणे शेजारीपाजारी सांगून ठेवलंय की धाकटे जावई स्वतःच्या हाताने घड्याळ करतायत. या वेळी तरी माहेरी मान खाली घालायला लावू नकोस, म्हणाली. मी तिला दोन्ही सप्लाय दाखवले. तिने विचारलं, यात वेळ कुठे दिसते.

२७ एप्रिल, सकाळी
निर्णय झाला. दुसरा. बरोब्बर एकशे सत्तर, मीटरचा काटा हलत नाही. आता फक्त घड्याळ करायचं राहिलं. दुपारी बसतो.

२७ एप्रिल, संध्याकाळी
घड्याळाला आकडे बदलणारी चिप लागते. ती मागवावी लागते. एक नळी थेट सप्लायला जोडली. एकाच आकड्यापुरता वेळ होता. चार निवडला, सासरे चारला चहा घेतात.

२८ एप्रिल
सासऱ्यांनी सगळ्यांना शांत बसवून खोकं उघडलं. नळीत चार पेटला. सव्वासात वाजले होते. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं आणि म्हणाले, उजेड छान पडतो.

मग साडूने दुकानातलं भिंतीवरचं घड्याळ पुढे केलं. म्हणाला, हे दोन्ही मुलींकडून आणि माझ्याकडून. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

घरी येताना बायकोला विचारलं, तू त्यात कधी सामील झालीस. म्हणाली, तू जाहीर केलंस त्याच्या दुसऱ्याच दिवशी.

फार वाईट वाटलं. घरी आल्यावर चिप मागवली.