चकल्यांखालची अक्षरं

आई, तू जाऊन नऊ वर्षं झाली, तरी माझा राग निवलेला नाही. अमेरिकेतल्या, नेपरव्हिलच्या घरातली ती दिवाळी आठव. नोकरी सोडून वर्षभर मी माझा पहिला देवनागरी फॉन्ट काढत होते. फोनवर कुणी विचारलं की तू सांगायचीस, "सध्या ब्रेक घेतलाय तिने." दिवसाचे बारा तास एकेका अक्षराचा काना सरळ करत बसणं, याला तुझ्याकडे ब्रेक म्हणत. त्या दिवशी सगळी अक्षरं पहिल्यांदाच मोठ्या कागदावर छापून मी टेबलावर ठेवली होती, तू बघावीस म्हणून. अंघोळ करून खाली येते, तर त्यांच्यावर चकल्या निथळताहेत.

मी ओरडले. शेजारच्या काकूंनी हातातला सोऱ्या खाली ठेवला. तू म्हणालीस, "पेपर टॉवेल संपले होते. आणि कोरी बाजूच वर केलीय ना? परत प्रिंट कर, त्यात काय." गराजमध्ये पेपर टॉवेलचा न फोडलेला गठ्ठा होता. तो आणून मी ओट्यावर आपटला. तू बघितलंही नाहीस, पुढचा घाणा तेलात सोडलास.

चकलीला मी हात लावला नाही. कागद ओढून वर नेला आणि फाडण्याआधी उजेडात धरला, तर तेलाने तो पारदर्शक झाला होता. मागून उलटी दिसणारी अक्षरं वाचताच येईनात, नुसते आकार उरले, आणि त्यात भ एकटाच काळाकुट्ट, फुगलेला. वर्षभर रोज बघूनही त्याचा हा जाडपणा मला दिसला नव्हता. मी तो सुधारला. फॉन्ट चालला, पुढे आणखी पाच केले. तुला यातलं काही सांगितलं नाही, तूही विचारलं नाहीस. शेवटपर्यंत तुझ्या लेखी मी ब्रेकवरच.

तुझे आभार मानायला हे लिहीत नाही. मला शिकवायचं तुझ्या मनातही नव्हतं. पण हे पत्र कुठे पोस्ट व्हायचं नाही, म्हणून सांगते. नव्या फॉन्टचा पहिला कागद छापला की अजूनही मी स्वयंपाकघरात जाते, त्याच्या कोऱ्या बाजूला चमचाभर तेल चोळते आणि खिडकीच्या काचेला लावून उलटं बघते. काल ऑनलाइन क्लासमध्ये हे करून दाखवलं. एका मुलीने विचारलं, "मस्त ट्रिक आहे ताई, कुणी शिकवली?"

मी म्हटलं, "कुणी नाही. माझी मीच शिकले."