बंद दाराआडची मराठी

रमाकांत निंभोरकर साहेब,

तुम्ही लखनौला आमचे साहेब होऊन आलात, तेव्हा ऑफिसात एक तरी मराठी माणूस आला म्हणून मी घरी गोड केलं होतं. पण तुम्ही माझ्याशी कायम हिंदीच बोललात. चौदा एप्रिलला जयंतीच्या कार्यक्रमाला आग्रहानं बोलावलं, तर सगळ्यांसमोर म्हणालात, "देखते हैं, मॅडम."

गेल्या महिन्यात मात्र केबिनचं दार लावून घेतलंत आणि म्हणालात, "बसा सुभद्राताई, चहा घ्या." क्षणभर माहेरचं कुणी भेटल्यासारखं वाटलं मला, आणि त्याचाच आता जास्त संताप येतो. कारण लगेच म्हणालात, "त्या रुखसानाच्या वार्षिक अहवालात कामचुकार म्हणून लिहा. आपल्या माणसांनी एकमेकांना सांभाळून घ्यायचं असतं."

माझ्या हाताखालच्या रुखसानाचा गुन्हा एवढाच, की तुमचा लाडका तिवारी ऑफिसला येत नसताना त्याची हजेरी लावायला तिनं नकार दिला. कामचुकार कोण, हे अख्ख्या सेक्शनला माहीत आहे. मी तिला 'उत्तम' लिहिलं, आणि माझी गोरखपूरला बदली झाली. जाब विचारायला आले तर दार सताड उघडं आणि तुम्ही पुन्हा हिंदीत, "रूटीन ट्रान्सफर है, मॅडम."

हे पत्र मी पाठवणार नाही. मराठीत आहे, म्हणजे घरातलं भांडण समजून तुम्ही खिशात घालाल. वरच्या ऑफिसला तक्रार आज पाठवली. ती हिंदीत आहे, सगळ्यांना वाचता येईल अशी.

तुमची ताई नसलेली,
सुभद्रा गवई