कावीळ नव्हती

मी, खाली सही करणारी, वय सेहेचाळीस, अविवाहित, दूध संकलन केंद्रावर फॅट तपासण्याचे काम करणारी, हे मृत्युपत्र स्वखुशीने, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दबावाशिवाय लिहून ठेवते. शेजारच्या काकूंनी "बरी आहेस ना गं? हे आत्ताच कशाला?" असे विचारले, म्हणून नमूद करते: बरी आहे म्हणूनच लिहिते आहे. आजारात साधी वेणी घालणेही होत नव्हते.

१. राहते घर परसासह माझ्या पुतणीला, थोरल्या भावाच्या मुलीला, मिळावे. अट एकच, ती कलम ४ मध्ये आहे.

२. मनाचे डॉक्टर शहरात बसतात आणि तिथे आपला नंबर लागेपर्यंत परतीची शेवटची गाडी निघून जाते. आमचा जीपवाला माझ्यासाठी थांबायचा आणि बाकीच्यांच्या शिव्या खायचा. बँकेतील ठेव त्याच्या हवाली करावी. गावातले जे कोणी त्या डॉक्टरांकडे जाईल, त्याच्या जाण्यायेण्यासाठी ती आहे.

३. दुधाची मोठी कॅन काकूंना. माझ्या आजारात त्या रोज दूध घेऊन यायच्या, पण खिडकीतून कधीच देत नसत. "भांडे घेऊन तूच बाहेर ये बाई, माझे गुडघे धरलेत." त्याच दुपारी ही बाई शिडीवर चढून कौले बदलत होती. रोज दारापर्यंत यावे लागले म्हणून मी वाचले, ही अतिशयोक्ती तर नाही ना, असे स्वतःला पुष्कळदा विचारले. नाही.

४. माझ्या आजाराला थोरल्या भावाने गावभर कावीळ म्हणून सांगितले. मायेपोटीच, हे आता पटते. घरोघरून माझ्यासाठी बिनतेलाचे जेवण आले. त्या प्रत्येक घराची मी ऋणी आहे, जरी तेव्हा एखाद्या तळलेल्या घासासाठी हे घरही लिहून दिले असते. पण लागण होईल म्हणून जवळ कोणी बसले नाही. आई भिंतीकडे तोंड करून पडायची, मग मी, आता पुतणी. परवा दुकानदार म्हणाला, "पोरीला कावीळ झाली म्हणे?" म्हणून अट: या घरात कोणाचाही आजार त्याच्या खऱ्या नावाने सांगावा. आणि पुतणीला डॉक्टरांकडे न्यावे, माझ्या मरणाची वाट न पाहता. हे मृत्युपत्रात बसत नाही, याची मला कल्पना आहे.

५. भावाला काहीही ठेवलेले नाही. रागाने नव्हे (थोडा आहे). ज्याला काही मिळणार त्याची साक्ष चालत नाही, आणि मला साक्षीला तोच हवा होता.

सही: लिहून ठेवणारी

साक्षीदार: १. गावचा शिंपी. २. थोरला भाऊ. त्याने सगळे वाचले, कलम ४ पुन्हा वाचले. मग विचारले, "उद्या जीप कितीला निघते?" मी सांगितले. शिंप्याकडे न बघता तो म्हणाला, "पोरीला कावीळ नाहीये."

"ते गावाला माहितीये, दादा," शिंपी म्हणाला. "सही करा."

त्याने केली.

ठिकाण: माझ्या घराची पुढची खोली, दार उघडे.
दिनांक: पेरणीनंतरचा पहिला रविवार, सकाळ.